बाबांना आणायला मोजी बंदरात

११ नोव्हेंबर, सोमवार

सात तास प्रवास केला. इइदाहून पहाटेची बस, नागोयाहून शिंकानसेन, कोकुराला उतरून साधी गाडी. मोजिको स्टेशनवर उतरले तर घ्यायला कुणी नाही. काल फोनवर बाबा म्हणाले होते, "मी येतो स्टेशनवर." ज्याला न्यायला आले तोच माणूस गायब.

तासभर बाकावर बसले. समोर पर्यटकांची झुंबड, सगळे पिवळ्या केळ्याच्या पुतळ्याशेजारी उभे राहून फोटो काढतायत. एका बाईने मलाच कॅमेरा दिला. चार फोटो काढून दिले. ती म्हणाली, "तुमचा काढू का?" मी म्हणाले, मी फिरायला आलेली नाही.

एरवी या वहीत मी फळं कधी सोलली, लोणचं कधी घातलं एवढंच लिहिते. हे मात्र नीट लिहून ठेवणार आहे, नाहीतर घरी गेल्यावर आमचे हे विचारतील आणि रागाच्या भरात निम्मं सांगायचं राहून जाईल.

बाबा म्हणजे माझे सासरे, शिमोदाइरा इवाओ. वय चौऱ्याऐंशी. अठ्ठावन्न वर्षं इइदात न्हाव्याचं दुकान चालवलं, या मार्चमध्ये बंद केलं. गिऱ्हाईकंच उरली नाहीत म्हणाले. "माझी सगळी गिऱ्हाईकं आता फोटोत जाऊन बसलीत." त्यानंतर सात-आठ महिने घरात नुसते बसून होते. आणि तीस ऑक्टोबरला भाताच्या कुकरवर चिठ्ठी: "मोजीला जातो. औषधं घेतली आहेत. वाळत घातलेली फळं उलटायला विसरू नका." मोजीत आमचं कुणी नाही. जन्मात कधी त्या गावाचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

तीन दिवसांनी फोन आला. ठणठणीत आवाज. हे म्हणाले, "तूच जाऊन घेऊन ये. नोव्हेंबरात मला हलता येत नाही." आमच्या कारखान्यात नववर्षाच्या पाकिटांवरच्या दोऱ्यांच्या गाठी बांधायचं काम आहे. नोव्हेंबरात तिथल्या बायका सर्दी झाली तरी रजा मागत नाहीत. हलता मलाही येत नव्हतं. फक्त ते वाक्य यांनी आधी म्हटलं.

आता मुख्य गोष्ट. नदीकाठच्या वृद्धनिवासात दोन वर्षं नाव लावून ठेवलं होतं, तिथे बाबांसाठी खोली मिळाली आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत त्यांना घेऊन हजर व्हायचं, नाहीतर खोली पुढच्याला. आज सोमवार.

शेवटी बाबांनी दिलेला पत्ता विचारत विचारत गेले. बाजारगल्लीच्या मागे बंद पडलेलं तंबाखूचं दुकान, त्याच्या माडीवर बाबांची खोली. खालून साठीची एक दांडगी बाई आली, ओगाताबाई. बंदरावरचं खलाशांचं विश्रामगृह तीच चालवते, आणि हे घरही तिचंच.

"तुम्हीच त्या सूनबाई होय!" म्हणाली. "तुमच्या लोणच्याचं फार ऐकलंय बाई."

माझ्यासमोर लोणच्याला कधी चांगलं म्हणाले नाहीत. नऊशे किलोमीटर लांब येऊन सांगत फिरतायत.

"बाबा कुठायत?"

"कामावर. जहाज लागलंय ना आज."

कसलं काम, ते तिने सांगितलं नाही. फोन वाजला तशी व्हॅन घेऊन निघून गेली.

बाबा सहाला आले. मला पाहून म्हणाले, "आलीस? जेवलीस का?" मी न्यायला आलेय म्हटलं तर मान हलवली आणि दुसऱ्या मिनिटाला बसल्या जागी झोपले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दिवस पाण्यात.

सातला त्यांच्या खोलीशी गेले तर अंथरूण घडी करून ठेवलेलं, माणूस नाही. दारावर चिठ्ठी. चिठ्ठ्यांचा या माणसाला नाद लागलाय. "कंटेनर धक्क्यावर आहे. दुपारी येईन."

मी धक्क्यावर निघाले. फाटकातल्या रखवालदाराने पास मागितला. पास नाही म्हटलं तर आत सोडेना. मी म्हटलं, "आत माझे सासरे आहेत." तो म्हणाला, "बाई, आत सगळी जहाजं आहेत." मी कुंपणाच्या जाळीला नाक लावून अडीच तास उभी. क्रेन एक डबा उचलते, ठेवते. पुन्हा उचलते. पाठीत गार वारा.

दुपारी परत येताना बंदराच्या खाडीवरच्या निळ्या पुलापाशी पोचले आणि नेमका तो वर उचलायला सुरुवात झाली. पादचाऱ्यांचा पूल, पण बोटींसाठी मधोमध उघडतो. बाकीचे लोक टाळ्या वाजवत होते. पलीकडच्या काठावर ओगाताबाईची पांढरी व्हॅन उभी, आणि तिच्यात चढताना बाबा! हाक मारली. त्यांनी पाहिलं. हात केला. मजेत, सहलीला निघाल्यासारखा. आणि गेले. पूल खाली यायला वीस मिनिटं लागली.

भूक लागली म्हणून हॉटेलच्या रांगेत उभी राहिले. इथे करी-भातावर चीज आणि अंडं घालून भट्टीत भाजून देतात, त्याच्यासाठी लोक लांबून येतात म्हणे. पाऊण तास रांग. पहिल्याच घासाला जीभ भाजली. सगळी संपवली, टाकायची कशी.

संध्याकाळी बाबांना समोर बसवलं. "इथे काय करता तुम्ही?"

"केस कापतो."

"कुणाचे?"

"खलाशांचे. जहाज सहा तास थांबतं, आठ तास थांबतं. तेवढ्यात ते कुठे न्हावी शोधणार? गावातली दुकानं बंद झाली. ओगाताबाई त्यांना व्हॅनमधून विश्रामगृहात आणते. मी कापतो. मागे एक ट्रकवाला आला होता आपल्याकडे, त्याने सांगितलं होतं हे."

"आणि त्यासाठी घर सोडून आलात?"

"मित्सुए," ते म्हणाले, "आपल्या गावात डोकी संपली. इथे डोकी आहेत."

मी वृद्धनिवासाचं सांगितलं. नदीकडची खोली, शुक्रवार, पाच वाजता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं. शुक्रवारचं शुक्रवारी बघू. उद्या दोन जहाजं आहेत."

यांचा फोन: "आणतेयस ना? आणि कपड्यांची पावडर कुठे ठेवलीयस?"

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी बाबा स्वतः माझ्या दाराशी आले. म्हटलं, सुचलं वाटतं शहाणपण. तर हातात नकाशा. पेन्सिलीने रेघ मारलेली.

"समुद्राखालून बोगदा आहे. चालत पलीकडच्या बेटावर जाता येतं. पाहून ये."

"मी फिरायला आलेली नाही."

"माहितीये. पण मी पाचपर्यंत मोकळा नाही, आणि तू कालसारखी कुंपणाशी उभी राहिलीस तर रखवालदार मला विचारतो, आजोबा, त्या बाई कोण?"

म्हणजे रखवालदार त्यांच्या ओळखीचा! आणि त्यांना माहीत होतं मी तिथे उभी आहे! संतापाने मी नकाशा घेतला आणि निघालेच. असल्या माणसाच्या मागे फिरण्यापेक्षा समुद्राखाली गेलेलं बरं.

काठाकाठाने पाऊण तास चालले. सामुद्रधुनी इथे इतकी अरुंद की जहाजं घराच्या अंगणातून गेल्यासारखी जातात. पाणी नदीसारखं धावतं. काठावर मोठी पाटी आहे, प्रवाह कुठल्या बाजूला आणि किती जोराचा ते दिव्यांत दाखवते. मी पाहत होते तेव्हा बाण पूर्वेकडे होता. मी तिथे असतानाच तो उलटा झाला. किती वेळ उभी होते म्हणजे बघा. वेळेचा नुसता अपव्यय.

मग लिफ्टने खाली. बोगद्यात सकाळचे म्हातारे लोक व्यायामाला जोरजोरात चालतात, मला धक्के मारत. मध्यावर जमिनीवर रेघ आहे, इकडे एक प्रांत, तिकडे दुसरा. लोक दोन पाय दोन बाजूंना ठेवून उभे राहतात. पोरखेळ. कुणी नव्हतं तेव्हा मीही ठेवले. डोक्यावर जहाजं जात असतील आणि मी छपन्न वर्षांची बाई तंगड्या फाकून रेघेवर. हसू आलं, ते बोगद्यात फार मोठ्याने घुमलं. एका आजोबांनी वळून पाहिलं.

पलीकडे मासळी बाजारात सुशीची दुकानं लागतात असं ऐकलं होतं. ती फक्त शुक्रवार ते रविवार. आज बुधवार. अर्थातच. फुगू मासा तळून देणारी एकच गाडी चालू होती. तिथे एकटीने उभ्याने खाल्लं. लग्न झाल्यापासून एकटीने बाहेर कधी खाल्लं होतं, आठवत बसले. आठवलं नाही. काल करी खाल्ली होती, पण काल मी रागात होते, ते धरायचं नाही.

परत येताना बोटीने आले. बोगद्याने यायचं ठरवलं होतं, पण बोट समोर उभी होती. उडणाऱ्या पाण्याने सगळी भिजले. शिंका येतायत. सर्दी झाली तर याला जबाबदार बाबा.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

लिहिताना कागद दोनदा फाटला. रागाने.

आज मी ओगाताबाईला सांगितलं, मला तिकडे न्या, आज काय तो निकाल लावते. तिने व्हॅनचं दार उघडलं. "चला की. तुम्हाला कुणी अडवलंय? तुम्हीच विचारलं नाहीत."

विश्रामगृह म्हणजे धक्क्याजवळची एक लांबडी खोली. टेबल टेनिसचं टेबल, फोन चार्ज करायच्या वायरींचं जाळं, आणि कोपऱ्यात आमच्या दुकानातली खुर्ची! लाल रेक्झिनची, डाव्या हातावर फाटलेली. आम्ही कामावर असताना मालवाहू गाडीने मागवून घेतली म्हणे. ती खोपटात झाकून ठेवलेली आहे असं समजून इकडे निघायच्या आधी मी तिच्यावरची धूळ झटकायला जाणार होते.

खुर्चीत एक फिलिपिनो खलाशी, बाकावर आणखी सहा. बाबांच्या अंगात पांढरा कोट. कंबर ताठ. घरी त्यांना चहाचा कप उचलून द्यावा लागतो. इथे खुर्चीभोवती असे फिरत होते की मी दाराशीच थांबले. खलाशी मोडक्यातोडक्या जपानीत बोलतो, बाबा इइदाच्या बोलीत. कुणाचं कुणाला कळत नाही आणि दोघं हसतायत. खलाशाने फोनवर तान्ही मुलगी दाखवली. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून नीट पाहिली आणि म्हणाले, "हिचे केस दाट येणार."

मग त्यांनी वस्तरा उघडला, मानेवरची लव काढायला.

मी त्यांचा हात पाहिला. पातं हवेत असताना हात थरथरत होता. कातडीला लागला की स्थिर व्हायचा, उचलला की पुन्हा थरथर. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खलाशाच्या कानाच्या पाळीला लागलं. रक्त आलं. थोडंच, पण पांढऱ्या कापडावर.

"बाबा, पुरे!" मी ओरडले. "ठेवा तो खाली!"

बाबांनी वस्तरा मिटला, कापूस घेतला, कानाला पट्टी लावली. नंतर माझ्याकडे वळले.

"मित्सुए. गिऱ्हाईकासमोर नाही."

"कसलं गिऱ्हाईक? उद्या कुणाचा गळा कापाल! चौऱ्याऐंशी वर्षांचे आहात तुम्ही!"

तो खलाशीच मध्ये पडला. "पापा चांगला," म्हणाला. "कान छोटा. चालतो." बाकावरचे हसले. माझा राग आणखीच चढला.

"नऊ वर्षं!" मी म्हणाले. "आई गेल्यापासून नऊ वर्षं तुमचं जेवण, तुमची औषधं, तुमचे डॉक्टर. एक दिवस तोंड वाकडं केलं का मी? कारखान्यातून धावत यायचे, तुम्ही बारा वाजता जेवता म्हणून. आणि तुम्ही कुकरवर चिठ्ठी ठेवून निघून आलात!"

बाबा म्हणाले, "म्हणूनच."

एवढंच. म्हणूनच म्हणजे काय? अर्धं वाक्य टाकलं आणि कंगवा धुवायला लागले. या घरातल्या पुरुषांना वाक्य पूर्ण करायला कुणी शिकवलंच नाही. मी रडले नाही. बाहेर जाऊन उभी राहिले. ओगाताबाईने माझ्या हातात गरम चहाचा कॅन दिला, तेवढं एक बरं केलं.

थोड्या वेळाने बाबा बाहेर आले. कोट काढून घडी केलेला. "उद्याची तिकिटं काढ," म्हणाले. "येतो मी."

जिंकले मी. मग एवढं वैतागायला काय झालं? शिंका थांबत नाहीत, त्याचं असेल.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

जे झालं ते झालं तसं लिहिते.

साडेनऊला बाबा पिशवी घेऊन तयार. खुर्ची तिथेच ठेवली. "पुढे कुणी न्हावी आला तर लागेल." ओगाताबाईने त्यांना नमस्कार केला, त्यांनी तिला केला, दोघं चारचारदा वाकले. गाडीत ते खिडकीकडे बसले आणि खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.

कोकुराला फलाटावर वीस मिनिटं होती. बाकावर बसलो. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले, आणि म्हणाले, "तुला फार त्रास दिला."

तीस वर्षांत हे वाक्य नाही. आणि आता, पाहुण्याला म्हणावं तसं. मला रागच आला.

"त्या खोलीला खिडकी आहे ना?"

"आहे."

"काय दिसतं?"

"नदी."

"बरं. नदीत जहाजं नसतात, पण चालेल." मग थोड्या वेळाने, "पुरुष किती आहेत तिथे?"

"अकरा."

"त्यातले केस असलेले किती?"

हे मी विचारलं नव्हतं. दोन वर्षं नाव लावलं, चार वेळा जाऊन पाहून आले, पथ्याचं जेवण विचारलं, न्हाणीघरातल्या दांड्या हलवून पाहिल्या. केस विचारले नाहीत. मी म्हणाले, "दोघा-तिघांना असतील."

"हं."

समोरून एक माणूस बॅग ओढत गेला. बाबा त्याच्या मागे बघत राहिले. "कुणीतरी मशीन वाकडं फिरवलंय त्याच्या मानेवर. डावीकडे पायरी झालीय. दिसते का?" मला दिसली नाही. मग दुसरा माणूस, मग एक शाळकरी. प्रत्येकाची मान. माझ्याशी बोलत होते, पण नजर सारखी तिकडे.

नंतर विचारलं, "बोगद्यात रेघ पाहिलीस?"

मी हो म्हणाले. मग प्रवाहाच्या पाटीचं सांगितलं, बाण उलटा झाला ते. तळलेल्या माशाचं सांगितलं. बोटीचं सांगितलं. मी सांगत होते आणि ते ऐकत होते, न्हावी ऐकतो तसे, मध्ये न बोलता. गाडी आली. दारं उघडली. मी उठले नाही. मी उठले नाही म्हणून तेही उठले नाहीत. दारं मिटली.

"चुकली," बाबा म्हणाले.

"हो."

पुढची गाडी घेतली असती तर पाचला पोचलो नसतो. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे नागोयाहून टॅक्सी केली असती तर पोचलो असतो.

वृद्धनिवासात फोन केला. तिथली मुलगी फार गोड बोलते. "मग खोली पुढच्यांना देऊ का?" मी म्हणाले, "द्या." दोन वर्षं! हे मी का केलं मला माहीत नाही. यांना काय सांगू? फोन बंद करून ठेवलाय.

मोजीला परत आलो तर ओगाताबाई स्टेशनबाहेर व्हॅनमध्ये बसलेली. तोंडावर आश्चर्य नाही.

"दोनला जहाज लागतंय," म्हणाली. "बसा."

"तुम्हाला काय माहीत आम्ही परत येणार?"

"मला नव्हतं माहीत. जहाज दोनला लागतंय एवढं माहीत होतं."

१६ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर केस झाडले. काळे, राठ, चिकट. नाकातोंडात गेले. खलाशी जाताना सार्डिनचे डबे आणि वाळवलेले आंबे ठेवून जातात, ते मांडायला फळी नाही. कुणी लक्ष देत नाही तिथे. फळी मागवली.

बाबांशी अटी ठरवल्या. हृदयाची औषधं ओगाताबाईसमोर घ्यायची. महिन्याला इथल्या डॉक्टरकडे जायचं. आठवड्यात चारच दिवस काम. ते सगळ्याला हो म्हणत गेले, म्हणजे ऐकत नव्हते. मग मी म्हणाले, "आणि वस्तरा बंद."

इथे थांबले. मी भांडायच्या तयारीत होते, काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. पण त्यांनी खण उघडला, वस्तरा रुमालात गुंडाळला आणि माझ्यापुढे धरला.

"घरी ने. मानेला मशीन चालवीन."

मी घेतला. हलका होता. भांडायचं ठरवलेलं सगळं तसंच राहिलं.

१७ नोव्हेंबर, रविवार, इइदा

आले घरी.

बसची वेळ तेवढी मी मेसेजने कळवली होती, थांब्यावर हे उभे होते. हातावर बाबांचा जाड कोट, थंडी म्हणून आणलेला. सगळे उतरले. यांनी माझ्या मागे पाहिलं, मग पुन्हा बसच्या दाराकडे.

"बाबा कुठायत?"

"कामावर."

"म्हणजे?"

रस्त्यावर उभं राहून सगळं सांगितलं. खोली सोडली तेही. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. कोट या हातावरून त्या हातावर घेतला.

"हात थरथरतो त्यांचा," म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मार्चमध्ये माझ्या मानेला वस्तरा लागला त्यांचा. टाके नाही पडले, पण... मीच सांगितलं, दुकान बंद करा. ऐकेनात. मग मी किल्ली काढून घेतली."

म्हणजे गिऱ्हाईकं संपली, हे खोटं. आठ महिने एका घरात तिघं जेवलो. एकाने किल्ली लपवली, दुसऱ्याने कारण, आणि भात वाढणारी मी, मला कुणी काही सांगितलं नाही.

"मला का नाही बोललात?"

"ते म्हणाले, मित्सुएला नको सांगू. तिला आधीच खूप आहे."

हे ऐकून मला चांगलं वाटायला हवं होतं का? मला दोघांनाही एकेक थोबाडीत द्यावीशी वाटली. मी म्हणाले, "वस्तरा माझ्या पिशवीत आहे. त्यांनी स्वतः दिला." यांनी गाडीचं दार उघडलं. गाडीत बसल्यावर बाजूने पाहिलं. केस कॉलरवर आलेले. मार्चपासून कुठल्याच न्हाव्याकडे गेलेला नाही हा माणूस.

"पुढच्या महिन्यात तुम्ही जाऊन या," मी म्हणाले. "केस कापून या."

बरंच अंतर गेल्यावर हे म्हणाले, "मी काय बोलू त्यांच्याशी?"

"काही बोलू नका. खुर्चीत बसायचं."

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

कारखान्यात माझ्या वाटणीच्या गाठी तशाच पडलेल्या, रोज आठपर्यंत थांबावं लागतं. बारा वाजता घरी धावत येऊन कुणाला जेवायला वाढायचं नसतं. तरी साडेअकराला हात थांबतात. विचित्रच. फळी पोचली का, तेही कुणी कळवत नाही.

८ डिसेंबर, रविवार

हे काल गेले. तीन वेळा रद्द केलं होतं. आधी काम, मग बर्फाचा अंदाज, मग पाठ. शेवटी तिकीट मी काढलं, बसमध्येही मी बसवलं. लोणच्याची बरणी मांडीवर दिली. ती सांडू नये म्हणून तरी मध्येच उतरणार नाहीत.

कालपासून फोन नाही. पोचलो म्हणून नाही, भेटलो म्हणून नाही, काही नाही. मी केला तर उचलत नाहीत. आज दुपारी चिडून ओगाताबाईला लावला.

"आहेत की इथेच," म्हणाली. मागून टेबल टेनिसचा टकटक आवाज येत होता. "बाकावर बसलेत. सातवा नंबर."

"सातवा? ते मुलगा आहेत त्यांचे!"

"मीही तेच म्हटलं आजोबांना. तर म्हणाले, खलाशांची जहाजं सुटतात. घरच्या माणसाने थांबावं. मुलगा गेला रांगेत बसायला, दोन तास झाले. रागावलेले दिसत नाहीत. आजोबांचे हात बघत बसलेत. सांगू का पुढे घ्यायला? तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

"नको," मी म्हणाले. "बसू दे त्यांना."